कंपनीचा गैरप्रकार उघड करायचाय? आधी वही, मग वकील, मग कागद

बीकेसी, पवई किंवा ऐरोलीच्या ऑफिसात सोशल मीडिया कंपनीचं काम करताना, लोकांचं नुकसान होतंय हे वरच्यांना माहीत असूनही ते दाबलं जातंय असं दिसलं, की हात आधी स्क्रीनशॉटकडे जातो. तिथेच घात होतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर कुठली फाइल कोणी किती वाजता उघडली, काय प्रिंट केलं, पेनड्राइव्ह लावला का, याची बहुधा नोंद राहते.

सुरुवात शिवलेल्या वहीने करा. सुट्या पानांचं पॅड नको, पानं मागाहून घातली असा आक्षेप निघतो. पानांना क्रमांक घाला आणि त्याच दिवशी लिहा: ‘मंगळवार, दुपारी ३:२०, रिव्ह्यू मीटिंग, सात जण हजर. तक्रारींचा तक्ता दाखवला. लाँचनंतर बघू, असं ठरलं.’ पाहिलं-ऐकलं तेवढंच. स्वतःचं मत वेगळ्या पानावर. वही घरीच ठेवा.

कशाचीही प्रत काढण्याआधी वकील गाठा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ विनापरवानगी प्रत काढण्याला लागू होतं. हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नेमणूकपत्र आणि गोपनीयतेचा करार सोबत न्या. २०१४ चा व्हिसलब्लोअर (गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठीचा) कायदा सरकारी कारभारापुरता आहे, खासगी नोकरीत त्याच्या भरवशावर राहू नका. कंपनी भारतात लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली असेल तर कंपनी कायद्याच्या कलम १७७ प्रमाणे तक्रारीची अंतर्गत यंत्रणा असायलाच हवी, आणि योग्य प्रसंगी ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता येतं.

कंपनी अमेरिकेत लिस्टेड असेल तर तिथल्या सेक या शेअर बाजाराच्या नियामकाकडे मुंबईतूनही तक्रार करता येते. मात्र तक्रार गुंतवणूकदारांच्या भाषेत मांडावी लागते: बाहेर काय सांगितलं, आत काय माहीत होतं. २०२१ मध्ये फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगेन यांनी फेसबुकविरुद्ध हेच केलं. इन्स्टाग्राममुळे किशोरवयीन मुलींवर काय परिणाम होतो, याचं कंपनीचंच संशोधन त्यांनी पुढे ठेवलं. कंपनीच्या स्वतःच्या कागदाइतकं वजन दुसऱ्या कशालाच नसतं. नाव गुप्त ठेवून, अशा तक्रारीवर सेककडून मिळू शकणाऱ्या बक्षिसावरही हक्क सांगायचा असेल तर वकिलामार्फतच जावं लागतं. सूडाच्या कारवाईपासून तिथला कायदा मुंबईतल्या नोकरीला वाचवेल, असं मात्र धरू नका.

वकिलाने होकार दिला, तर मोजकेच कागद घ्या. वापरकर्त्यांची नावं, नंबर, खासगी मेसेज अजिबात नकोत. ती माणसं निष्पाप असतात, आणि त्यामुळे केसही नासते. मूळ फोटो कापू नका, उजळवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की त्याची फाइल आपोआप लहान केली जाते आणि वेळ-तारखेची आतली माहिती निघून जाते. मूळ फाइलचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखी अक्षर-आकड्यांची ओळ, काढून वहीत उतरवा. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश द्यावा लागतो. एक अक्षर चुकलं तरी जुळत नाही, म्हणून दोनदा वाचून बघा.

कंपनीच्या कागदांना हात लावण्याआधी पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पीएफचा यूएएन आणि अप्रेझलची पत्रं वकिलाला विचारून घरी आणून ठेवा. संशय आला की ऑफिसचा मेल त्याच दिवशी बंद होऊ शकतो, आणि ‘काम नीट नव्हतं’ या आरोपाला उत्तर त्या अप्रेझलच्या पत्रांतच असतं.