ब्रेस्ट कॅन्सर श्वासनळीत पसरला तर काय करायचं

ब्रेस्टचं ऑपरेशन, केमो सगळं होऊन कितीतरी वर्षं झाली आणि आता खोकला जातच नाहीये, श्वास घेताना शिट्टी वाजते, पंप ओढूनही फरक नाही, तर दमा दमा म्हणत महिने घालवू नका. छातीच्या डॉक्टरांना जुन्या कॅन्सरचं आधी सांगा (लोक नेमकं तेच सांगायचं विसरतात). साध्या एक्स-रेत नळीतली गाठ सुटू शकते, त्यामुळे सीटी आणि मग दुर्बीण, म्हणजे ब्रॉन्कोस्कोपी.

दुर्बिणीतून तुकडा काढला की विचारा, ईआर, पीआर (गाठीवरचे हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रोटीन) परत तपासायला टाकलंय ना? जुना रिपोर्ट आहे की, असं म्हणून सोडू नका, पसरलेल्या गाठीत हे बदललेलं असू शकतं आणि पुढचं सगळं औषध त्यावरच ठरतं. शिवाय फुफ्फुसाचाच नवीन कॅन्सर नाही ना, तेही बायोप्सीतच कळतं.

आता ट्रीटमेंट. नळी बंद व्हायला आलीय का, हे आधी बघायचं. तसं असेल तर औषधाचा असर व्हायची वाट बघत बसता येत नाही, दुर्बिणीतून लेसरने किंवा करंटने जाळून, नाहीतर गोठवून गाठ काढतात, बाहेरून दाब असेल तर स्टेंट (श्वासनळी उघडी धरणारी छोटी नळी) टाकतात. स्टेंटने श्वास लगेच मोकळा होतो पण त्यात कफ अडकतो, तो सरकतोही, म्हणून परत दम लागला तर त्याच दिवशी फोन करा. रेडिएशन पण चालतं, फक्त त्याला वेळ लागतो.

हे झालं नळीपुरतं, आजार पूर्ण अंगात असतो. हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे ईआर किंवा पीआर) असेल तर बहुतेक वेळा हार्मोनची औषधं आणि जोडीला पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिबसारखी गोळी. हर-टू पॉझिटिव्हला ट्रास्टुझुमॅब, पर्टुझुमॅब आणि केमो. ट्रिपल निगेटिव्हला (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) केमो, पीडी-एल-वन (तुकड्यात तपासतात ते आणखी एक प्रोटीन) पॉझिटिव्ह आलं तर इम्युनोथेरपी, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध, जोडतात. हर-टूवरचं ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकन हे औषध चालू असेल तर नवीन खोकला लगेच कळवा, त्या औषधाने फुफ्फुसाला सूज येऊ शकते.

खोकल्यातून भरपूर रक्त आलं किंवा श्वास आत घेताना घरघर व्हायला लागली तर थेट इमर्जन्सी. रक्त कुठल्या बाजूचं ते माहीत असेल तर ती बाजू खाली करून झोपवा, दुसरं फुफ्फुस वाचतं.

रोजच्या धापेला पुढे झुकून बसणं, तोंडावर पंख्याचा वारा, याने खरंच बरं वाटतं. तरी भागलं नाही तर डॉक्टर थोडं मॉर्फिन देतात, नावाने घाबरू नका, डोस छोटा असतो, पोट मात्र गच्च होतं म्हणून पोट साफ व्हायचं औषध सोबतच मागून घ्या.