देणगी मोहिमेची धुरा घेताय? आधी पॅन, मग पैसे

ट्रस्टच्या दवाखान्यासाठी डायलिसिसचं यंत्र घ्यायचं ठरलं आणि निधी जमवायचं काम तुम्ही अंगावर घेतलंत. आता काय काय तयार हवं, ते लागेल त्या क्रमाने सांगतो. बॅनर, माईक, चहा-बिस्किटं यांची काळजी कोणी ना कोणी घेतंच, ते सोडून देतो. एक गोष्ट मात्र सारखी सारखी येईल, कंटाळा आला तरी वाचा. देणगीदाराचा पॅन, पॅनवर आहे तसं नाव आणि पिनकोडसकट पत्ता, हे तिन्ही पैसे घेतानाच लिहून घ्यायचं. "नंतर व्हॉट्सॲप करतो" हे उत्तर चालत नाही. घेतानाच.

पहिलं काम रकमेचं. यंत्राचं कोटेशन आणलं आणि तोच आकडा बॅनरवर छापला, असं करू नका. यंत्र एकटं चालत नाही. चार तासांच्या एका डायलिसिसला, मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबाने, १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. म्हणजे आरओ प्लांट आला, टाकी आली, वीज गेली तर यूपीएस आला. वॉरंटी संपल्यावरचा देखभालीचा करार, तंत्रज्ञाचा पगार, डायलायझर (रक्त गाळणारा भाग) आणि नळ्यांचा खर्च हे तर दर महिन्याचं. निदान पहिल्या वर्षाचा चालू खर्च उद्दिष्टात धरा, नाहीतर कापड घातलेलं यंत्र कोपऱ्यात उभं राहतं आणि देणारे पुढच्या वेळी दार उघडत नाहीत. तीन कोटेशनं घ्या, तिन्ही जीएसटीसकट आणि बसवणुकीसकट. हे सगळं करायच्या आधी जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात एक चक्कर मारा. केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसतं. तिथे यंत्रं असतील तर तुमच्या यंत्राची गरज कोणाला आणि कोणत्या पाळीला आहे, याचं उत्तर पहिल्याच दारात द्यावं लागतं.

मग कागद. मोहीम ट्रस्टच्या नावाने चालणार असेल तर विश्वस्तांचा लेखी ठराव हवा. त्यात उद्दिष्टाची रक्कम, मुदत, पैसे कोणत्या खात्यात जमा होणार, पावतीवर सही कोणाची आणि रक्कम कमी पडली किंवा उरली तर तिचं काय करायचं, एवढं आलं पाहिजे. शेवटच्या मुद्द्यावर बैठकीत सगळे मान डोलावतात आणि लिहीत कोणी नाही. लिहून घ्या. तुमचं मंडळ नोंदलेला ट्रस्ट नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच. त्यापेक्षा जुन्या, हिशेब भरलेल्या ट्रस्टच्या छत्राखाली काम करणं बरं. क्यूआर कोड ट्रस्टच्या खात्याचाच असावा. खजिनदाराच्या स्वतःच्या मोबाईलचा क्यूआर दोन दिवससुद्धा वापरू नका. माणूस कितीही सचोटीचा असो, ते पैसे त्याच्या खात्यात दिसतात आणि पुढची सगळी स्पष्टीकरणं त्यालाच द्यावी लागतात.

करसवलतीचं नीट समजून घ्या, कारण स्वयंसेवक नेमकं इथेच काहीतरी बोलून बसतात. "अर्धे पैसे परत मिळतात" असं कोणालाही सांगायचं नाही. बहुतेक ट्रस्टांना ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीच्या कलमाची, सवलत ५० टक्क्यांची असते आणि तिलाही उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा आहे. दहा हजार दिले तर पाच हजार उत्पन्नातून वजा होतात. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे प्रत्यक्षात वाचतात हजाराच्या आसपास. तेही जुनी कररचना घेतली असेल तर. नव्या रचनेत ही सवलत नाही आणि बरेच नोकरदार आता नव्या रचनेत आहेत. रोख दोन हजारांच्या वर दिली तर त्या देणगीवर सवलत नाही, म्हणून दोन हजारांवर रोख घ्यायचीच नाही, असा नियम करून टाका. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे क्रमांक बदलले, बोलताना लोक ८०जीच म्हणतात. नेमका क्रमांक पावतीवर काय छापायचा ते सीएला विचारा, छापखान्यात जायच्या आधी.

आता पॅन. आर्थिक वर्ष संपलं की ट्रस्टला देणगीदारांचं विवरण आयकर खात्याकडे भरावं लागतं, ज्याला सगळे १०बीडी म्हणून ओळखतात. मुदत ३१ मे. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. ते भरल्यावर प्रत्येक देणगीदाराचं १०बीई प्रमाणपत्र निघतं, आणि त्या प्रमाणपत्राशिवाय तुमची सुंदर छापलेली पावती करसवलतीला उपयोगाची नाही. विवरणात नाव, पत्ता, रक्कम, देणगी कोणत्या मार्गाने आली ते आणि ओळख क्रमांक लागतो. हे सगळं मे महिन्यात गोळा करायला बसाल तर निम्मे लोक गावी गेलेले असतात, काही फोन उचलत नाहीत, आणि "पॅन कशाला हवा?" असा संशय येतो तो वेगळाच. पैसे देताना हाच प्रश्न कोणालाही खटकत नाही. पैसे देऊन चार महिने झाल्यावर अनोळखी नंबरवरून पॅन मागितला की तो फसवणुकीचा फोन वाटतो. वाटणारच.

यूपीआयने तर गोंधळ आणखी वाढतो. बँकेच्या उताऱ्यात येतं काय, तर बारा आकडी क्रमांक, अर्धवट कापलेलं नाव आणि ५,००० रुपये. नाव सुनेचं. घरात बोलणं झालं सासऱ्यांशी. पावती हवी मुलाच्या नावावर, कारण कर तो भरतो. आणि त्याच दिवशी त्याच रकमेच्या आणखी चार ओळी. म्हणून नियम असा: ज्याच्या खात्यातून पैसे, त्याच्याच नावाची पावती, त्याचाच पॅन. हे क्यूआर पुढे धरायच्या आधी सांगायचं. फॉर्म भरला, मग क्यूआर दाखवला, हाच क्रम. उलटा क्रम झाला की माणूस "झालं" म्हणून आत निघून जातो आणि तुम्ही दारात कोरा फॉर्म घेऊन उभे.

क्यूआरचं चित्र सोसायटीच्या ग्रुपवर नुसतं टाकून देणं ही त्यातली सर्वांत वाईट चूक. पैसे येतात, माणसं सापडत नाहीत. टाकायचंच असेल तर आधी गूगल फॉर्मची लिंक टाका, आणि फॉर्म भरून झाल्यावर शेवटी क्यूआर दिसेल अशी सोय करा. पॅनची दहा घरं असतात, पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. चौथं अक्षर व्यक्तीसाठी पी असतं. तिथे एफ किंवा सी दिसलं तर भागीदारी पेढीचा किंवा कंपनीचा पॅन आलाय, मग पैसेही पेढीच्या किंवा कंपनीच्या खात्यातून आलेत का ते बघा. इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक यांची अदलाबदल हाताने लिहिताना हमखास होते, त्यामुळे मोठ्याने वाचून दाखवा. पॅन नसलेल्या आजींचं आधार चालतं. मतदार ओळखपत्र, रेशनकार्डही चालतं. पण काहीतरी एक हवं आणि ते त्याच वेळी हवं. दानपेटी ठेवणार असाल तर तिच्यातले पैसे निनावी धरले जातात, ठराविक मर्यादेपुढे ट्रस्टला त्यावर ३० टक्के कर बसू शकतो. पेटी छोटी ठेवा.

पैसे कुठून येणार याचा तक्ता मोहीम जाहीर करायच्या आधी मांडा. समजा उद्दिष्ट १५ लाखांचं आहे. दोन लाखांचा एक, लाखाचे तीन, पन्नास हजारांचे सहा, पंचवीस हजारांचे बारा, दहा हजारांचे वीस, आणि उरलेले दोन लाख हजार-हजार देणाऱ्या दोनशे घरांतून. वरच्या तीन पायऱ्यांना एका होकारामागे तीन-चार नावं यादीत हवीत, कारण नकार तिथेच जास्त. "दीड हजार घरांनी हजार-हजार दिले की झालं" हे गणित कागदावरच बरोबर येतं. पहिले चार-पाच लाख विश्वस्त, डॉक्टर, जुने देणगीदार यांच्याकडून आधी पक्के करा आणि मगच बॅनर लावा. शून्यावरच्या मोहिमेला कोणी मोठी रक्कम देत नाही.

मागताना आकडा बोला. "जमेल तसं द्या" म्हटलं की १०१ किंवा ५०१ येतात, आणि त्यात देणाऱ्याची चूक काहीच नाही. "काका, आम्ही तुमच्याकडून पंचवीस हजारांची अपेक्षा धरून आलोय" असं म्हणायचं आणि गप्प बसायचं. ही शांतता पहिल्यांदा जड जाते, पण ती तुम्ही भरून काढायची नाही. पंचवीसचे दहा झाले तरी आनंदाने घ्या. पॅनसकट.

दिवस निवडताना भाद्रपद टाळा, गणपतीच्या वर्गणीने सगळे पिळलेले असतात. शाळेच्या फिया भरायचा जूनही नको. दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर हा काळ चांगला, आणि करापोटी देणाऱ्यांसाठी मार्चचे दोन आठवडे राखून ठेवा. ३१ मार्चच्या आसपासचे चेक वादाला कारण होतात, त्यामुळे २५ तारखेनंतर चेक घेऊ नका, ऑनलाइन पाठवायला सांगा. चेकवर ट्रस्टचं नाव नोंदणीत आहे तसंच, पूर्ण. पावती चेक वटल्यावर.

स्वयंसेवक जोडीने पाठवा, एक बोलणारा, एक लिहिणारा. लिहिणारा पॅनसाठीच आहे, हे त्याला स्पष्ट सांगा. गळ्यात ट्रस्टच्या शिक्क्याचं ओळखपत्र, सोसायटीच्या सेक्रेटरींना दोन दिवस आधी पत्र. रविवारी सकाळी दहा ते साडेबारा, इतर दिवशी संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. पावती पुस्तकं क्रमांकाची, पन्नास पावत्यांची, कार्बन प्रतीची. कोणतं पुस्तक कोणाकडे गेलं याची वही ठेवा आणि सही घ्या. एका जोडीकडे एका वेळी एकच पुस्तक. चुकलेली पावती फाडून फेकायची नाही, दोन्ही प्रतींवर "रद्द" लिहून पुस्तकातच ठेवायची. एक पावती हरवली तरी ऑडिटर पूर्ण पुस्तकाबद्दल विचारतो. पावतीवर पॅनसाठी दहा चौकटी छापून घ्या. नुसती "पॅन:" अशी रेघ ठेवली की ती कोरीच राहते, चौकटी रिकाम्या दिसल्या की लिहिणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. रोख जास्तीत जास्त दोन दिवसांत बँकेत जमा. त्यातून चहाचा, रिक्षाचा खर्च परस्पर करायचा नाही, तो वेगळ्या व्हाउचरवर.

परदेशातल्या नातेवाइकांबद्दल सावध राहा. भारतीय पासपोर्ट असलेला भाचा दुबईतून स्वतःच्या बचतीतले पैसे पाठवतो, ते चालतं. त्याचा अमेरिकन नागरिक झालेला भाऊ पाठवतो, ती विदेशी देणगी. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी विदेशीच, आणि मुंबईतल्या खात्यातून रुपयांत दिली तरीही विदेशीच. ट्रस्टकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. पासपोर्ट कोणता, हा प्रश्न त्यामुळे पॅनच्या शेजारीच छापा. कंपन्यांच्या सीएसआरकडे, म्हणजे समाजकार्यासाठी कायद्याने ठेवाव्या लागणाऱ्या निधीकडे जाणार असाल तर ट्रस्टचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक लागतो आणि निर्णयाला महिने जातात. आज अर्ज करा आणि त्या पैशांवर उद्दिष्टाचं गणित बांधू नका. नाक्यावरच्या ज्वेलर्सना सीएसआरचं पत्र देऊ नका. तो नियम वर्षाला निदान पाच कोटी नफा किंवा हजार कोटी उलाढाल अशा मोठ्या कंपन्यांना लागू आहे. त्यांना साधं भेटायला जा.

संगीताचा कार्यक्रम करायचाच असेल तर खर्च एखाद्या प्रायोजकाकडून पूर्ण निघत असेल तरच. तिकिटाच्या बदल्यात जेवण किंवा गाणं मिळालं की ती देणगी राहत नाही, ८०जीची पावती देऊ नका. लकी ड्रॉच्या वाटेला जाऊ नका, लॉटरीचा कायदा आडवा येतो. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद. कार्यक्रमाच्या दिवशी भावनेच्या भरात लोक पाकिटं देतात, म्हणून दारात टेबल, दोन माणसं, फॉर्म आणि पेनं. पाकिटावर नाव असतं, पॅन नसतो. तिथेच उघडा, तिथेच लिहा.

दर रविवारी रात्री बँकेचा उतारा आणि एक्सेलची यादी समोरासमोर ठेवून जुळवा. न जुळलेल्या ओळी त्याच आठवड्यात शोधल्या तर सापडतात. ग्रुपवर एकूण आकडा टाका, नावं विचारून टाका, आणि पॅनच्या यादीचा फोटो कुठेही टाकू नका.

मोहीम संपल्यावर आठ दिवसांत आभारपत्रं. यंत्राचं बिल ट्रस्टच्या नावावर, पैसे थेट विक्रेत्याला. सगळी पावती पुस्तकं परत घ्या, वापरलेली, अर्धी, कोरी. यादी सीएकडे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पॅनचा रकाना पूर्ण भरलेला. १०बीई आलं की ईमेलवर पाठवा, ईमेल नसलेल्यांना छापून. उरलेल्या रकमेचं ठरावाप्रमाणे. हिशेबाची एक प्रत दवाखान्याच्या फलकावर, एक विश्वस्तांकडे, पोच घेऊन.