ढोल-ताशाच्या मिरवणुकीचा व्हिडिओ डिजिटल कॅमेऱ्यावर काढताना काय काळजी घ्यायची

मिरवणुकीत चांगले चांगले कॅमेरे घेऊन लोक येतात आणि घरी जाऊन लावून बघितलं की आवाज पार फाटलेला असतो. चित्राकडे सगळे बघतात, आवाजाकडे कोणीच बघत नाही, म्हणून आधी आवाजाचंच सांगतो.

कॅमेऱ्यात आवाजाची लेव्हल ऑटोवर असते. ढोलावर टिपरू पडलं की कॅमेरा आवाज एकदम दाबतो, मध्ये जरा गॅप आला की परत वर ओढतो, त्यामुळे ताशाची तर्री नीट ऐकूच येत नाही. मेनूत जाऊन ऑडिओ लेव्हल मॅन्युअल करा, पथक जोरात वाजवत असताना स्क्रीनवरचं आवाजाचं मीटर बघा आणि -12 डेसिबलच्या आसपास राहील एवढं खाली आणा, लाल पट्टीला अजिबात टेकू देऊ नका. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो पण फाटलेला काही केल्या धड होत नाही. मॅन्युअलची सोयच नसेल तर सरळ चार पावलं मागे जा, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो.

आता लाइटचं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं आणि व्हिडिओत काळे पट्टे फिरताना दिसतात. म्हणून सेकंदाला 25 फ्रेम (चित्रं) आणि शटर 1/50, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड, असं ठेवा, 50 फ्रेमवर काढत असाल तर 1/100. अमेरिकेतून कोणी कॅमेरा आणून दिला असेल तर तो बहुतेक एनटीएससीवर (तिकडची व्हिडिओ पद्धत) असतो, 30 नाहीतर 60 फ्रेमचा, तो घरीच मेनूतून पाल (PAL) म्हणजे आपल्याकडच्या 25-50 फ्रेमच्या पद्धतीवर करून घ्या कारण काही कॅमेरे हे बदलताना कार्ड फॉरमॅट करायला, म्हणजे पूर्ण पुसायला लावतात. रथावरच्या एलईडीचे पट्टे तरीही दिसू शकतात, मग शटर थोडं मागेपुढे करून बघायचं. दुपारी 1/50 वर चित्र पांढरं पडतं तेव्हा शटरला हात न लावता एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढची उजेड कमी करणारी गडद काच, लावा.

लेझर दिसला की लेन्स लगेच दुसरीकडे वळवा, हे खरंच मनावर घ्या. किरण थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमची रेघ किंवा ठिपका पडू शकतो, तो पुसून जात नाही. मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा चालू असला की रेकॉर्डिंग नसतानाही सेन्सर उघडाच असतो, म्हणून काम नसेल तेव्हा झाकण लावा.

गुलाल उडत असताना लेन्स बदलायची नाही, एकच झूम लावून निघा. लेन्सवर गुलाल बसला तर शर्टाने पुसू नका, आधी ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) उडवा आणि मगच कपडा, नाहीतर ओरखडे पडतात. पावसाचा भरवसा नसतो, तेव्हा एक प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बँड बॅगेत असू द्या.

पुण्यात लक्ष्मी रोडवर गर्दीतून हात वर करून कॅमेरा फिरवत राहण्यापेक्षा ओळखीच्यांची पहिल्या मजल्यावरची गॅलरी मिळाली तर सोनंच. खाली असाल तर कोपरं अंगाला चिकटवा, कॅमेरा कुठेतरी रोखा आणि मनात दहा मोजेपर्यंत हलवू नका, पथकालाच फ्रेममधून जाऊ द्या. जवळून काय घ्यायचं? ढोलाचं थरथरणारं पान, ताशावरच्या काड्या, ध्वज नाचवणाऱ्याचं मनगट, हे दोन-चार शॉट असले की एडिट करताना सोपं जातं. मात्र पथकाच्या दोरीच्या आत विचारल्याशिवाय शिरू नका, तिथे वादकांची लय मोडते आणि टिपरूही लागतं.

कार्डाचं म्हणाल तर 4के व्हिडिओ 100 एमबीपीएसवर (सेकंदाला 100 मेगाबिट) काढला तर तासाला 45 जीबी जातात, 64 चं कार्ड दीड तासही पुरत नाही, घेताना व्ही30 (V30, कार्डाच्या वेगाची खूण) लिहिलेलं बघून घ्या. काही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग 29 मिनिटं 59 सेकंदांनी आपोआप थांबतं, तेवढं लक्ष ठेवा. बॅटरी शेवटच्या काडीवर आली की रेकॉर्डिंग बंद करून बदला, मध्येच गेली तर फाइल अर्धवट राहून न उघडण्याची भीती असते, आणि कार्डाचा लाल दिवा चालू असताना झाकण उघडायचं नाही. रात्री कितीही दमलात तरी कार्ड दोन ठिकाणी कॉपी करा, फाइल चालतायत का बघा, फॉरमॅट नंतर.