चामड्याची मशीन: स्क्रूला हात लावायच्या आधी सुई-दोरा पाहा

पोळा जवळ आला की आपल्या इकडे घुंगरमाळेचे पट्टे, गळपट्टे, कासऱ्याची दुरुस्ती, सगळं काम एकदम अंगावर येते आणि नेमकी तेव्हाच मशीन नाटक करायला लागते. मग भाऊ स्क्रूड्रायव्हर घेऊन बसते, इकडचा स्क्रू अर्धा फेरा, तिकडचा पाऊण, आणि जी मशीन सकाळी अधूनमधून एखादा टाका सोडत होती ती संध्याकाळी टाका धरायचंच बंद करते. काहून? कारण बहुतेक वेळा बिघाड मशीनमध्ये नसतेच, तो सुईत नाहीतर दोऱ्यात असते. म्हणून माझं सांगणं एवढंच की क्रम पाळा. पहिले सुई, मग दोरा, मग टेन्शन म्हणजे दोऱ्याचा ताण, मग फुटाचा म्हणजे चामडं वरून दाबणाऱ्या पायाचा दाब आणि टायमिंगला, म्हणजे सुई आणि खाली दोरा पकडणारं हुक यांच्या मेळाला, सगळ्यात शेवटी हात, तोही बाकी सगळं पाहून झाल्यावरच.

आधी मशीन कोणती ते पाहून घ्या, कारण "हेवी ड्युटी" हा शब्द दुकानदार कशालाही चिकटवते. घरची काळी हाफ शटल मशीन मऊ पातळ चामड्याचे दोन थर, म्हणजे पाकीट वगैरे, हळूहळू शिवून देईल पण बैलाचा पट्टा तिच्यावर घालू नका, सुई वाकेल नाहीतर खालचा शटल जाईल. दुसरी गोष्ट, "जुकी" म्हणून जी साधी गारमेंटची मशीन मिळते ती कापडासाठी आहे, मिनिटाला चार-पाच हजार टाके मारते, खाली फक्त कापड सरकवणारे दात असतात, वरचा थर मागे राहते आणि खालचा पुढे पळते. चामड्याला वॉकिंग फूट, म्हणजे वरचा थरही सोबत ओढणारा फूट पाहिजे, त्यातही जिच्यात सुई, आतला फूट आणि खालचे दात तिन्ही सोबत सरकतात ती सगळ्यात चांगली. आणि तिसरी आपली चपलेच्या दुकानातली लांब हाताची पॅचर, सिंगर २९के किंवा तिची नक्कल. हिला खाली दात नसतातच, वरचा फूटच चामडं ओढते आणि तो गोल फिरते त्यामुळे कोणत्याही दिशेला शिवता येते. चपलेचा अंगठा, बॅगेचा कोपरा, फाटलेला बूट यासाठी हिच्यासारखी मशीन नाही आणि पायानं चालते म्हणून लाईट गेली तरी काम थांबत नाही. पण तिची बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ, लहान असते आणि जाड दोरा तिला झेपत नाही, तिच्याकडून जाड पट्ट्याची अपेक्षा ठेवू नका.

आता सुई. चामड्याच्या सुईचं टोक गोल नसते, ते पात्यासारखं कापते. गोल टोकाची सुई रेक्झिन, कॅनव्हास, ताडपत्रीसाठी, कापणारी सुई चामड्यासाठी. उलटं केलं तर दोन्हीकडे नुकसान, चामड्यात गोल सुई अडते, तापते, टाके सोडते आणि रेक्झिनमध्ये कापणारी सुई भोकं अशी पाडते की शिवणीवरच फाटते. वॉकिंग फूट मशीनला बहुतेक १३५x१६ ही चामड्याची आणि १३५x१७ ही गोल टोकाची सुई लागते, पॅचरला २९x३ चामड्याची, २९x४ गोल. पण आपल्या मशीनची प्लेट नाहीतर जुनी सुई पाहूनच घ्या, लांबी जरा चुकली की टाका पडत नाही आणि माणूस टायमिंगला दोष देत बसते. या मोठ्या मशीनच्या सुईचा दांडा पूर्ण गोल असते, घरच्या सुईसारखी चपटी बाजू नाही, त्यामुळे ती वाकडी बसायची शक्यता जास्त. सुईवर एका बाजूला लांब खाच असते, ती दोरा ज्या बाजूनं ओवता त्या बाजूला ठेवा, आणि नेढ्याच्या वर जी छोटी खोलगट जागा असते ती हुककडे. पूर्ण वर ढकला आणि मगच स्क्रू आवळा. निम्म्या लोकांचं "मशीन टाका सोडून राहिली" इथंच संपते बाप्पा.

दोरा बाँडेड नायलॉनचा घ्या, मेण लावलेला हातशिवणीचा दोरा मशीनमध्ये घालू नका, टेन्शनच्या चकत्यांत मेण जमून बसते. डब्यावर टिकीट नंबर असते, नंबर जितका कमी तितका दोरा जाड. टिकीट ४० म्हणजे साधारण टेक्स ७० (टेक्स हे दोऱ्याच्या जाडीचं माप), चपलेचा पट्टा, पर्स, मऊ बॅग यांना पुरते, सुई ११० नंबरची. टिकीट २० म्हणजे टेक्स १३५, बैलाच्या पट्ट्याला हाच, सुई १४० आणि चामडं फारच कडक असलं तर १६०. सुई दोऱ्यापेक्षा बारीक असली तर दोरा भोकात घासून पिसारते आणि तुटते, फार जाड असली तर भोकं मोठी दिसतात आणि गाठ भोकातून खालीवर निघते.

दोऱ्याचा पीळही पाहा, स्वस्त माल घेतला की यात फसगत होते. दोरा दोन्ही हातांच्या चिमटीत धरा आणि उजव्या हातानं वरून आपल्याकडे लोळवा. पीळ घट्ट झाला तर तो डावा पीळ, मशीनचा. सुटायला लागला तर तो मशीनसाठी नाही, शिवताना त्याचे पदर उलगडतील आणि तुम्ही टेन्शन फिरवत बसाल. आणखी एक, नायलॉनचा दोरा रिळावरून आपोआप खाली घसरते आणि रिळाच्या बुडाशी गुंतते, म्हणून दोरा वर ज्या कडीतून जाते ती कडी रिळाच्या बरोबर डोक्यावर पाहिजे, तिरपी नको.

टेन्शन कधीच खऱ्या मालावर लावू नका. कापडाचा टाका उसवून परत घालता येते, चामड्यात एकदा भोक पडलं ते पडलं. त्याच चामड्याच्या कतरणी, तेवढेच थर, तेच चिकटवायचं सोल्युशन लावून वीतभर पट्टी तयार करा आणि त्यावर शिवा. मग रापी, म्हणजे चामडं कापायचं पातं, घेऊन शिवणीवरच पट्टी उभी चिरा आणि कापलेली बाजू उजेडात धरा. वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत जिथं अडकते ती गाठ दोन्ही थरांच्या मधोमध दिसली पाहिजे. गाठ वर आली असली तर वरचं टेन्शन जास्त आहे किंवा बॉबिनचं कमी, खाली लोंबत असली तर वरचं कमी. जाड चामड्यात गाठ नुसती वरून पाहून समजत नाही, म्हणून चिरायचा आळस करू नका. पहिले बॉबिनचं ठरवा, डबीतून दोरा ओढला की एकसारखा, थोडा जोर लागून यायला पाहिजे, झटके नको. ते एकदा जमलं की त्या स्क्रूला विसरा आणि बाकी सगळं वरच्या नटावर करा, दर वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. वर आणि खाली एकाच जाडीचा दोरा ठेवला तर हे काम अर्ध्या वेळात होते. खाली जाळं झालं की लोक बॉबिनचा स्क्रू फिरवतात, पण खालचं जाळं बहुतेक वरच्या दोऱ्यामुळे होते, दोरा चकत्यांच्या मधात बसलाच नसते किंवा फूट वर असतानाच शिवायला सुरुवात केलेली असते.

फुटाचा दाब कमी असला तर सुई वर येताना चामडं पण तिच्यासोबत उचललं जाते, खाली दोऱ्याचा फासा बनत नाही आणि टाका सुटते. जास्त असला तर फुटाच्या दातांचे वळ मालावर कायमचे उठतात, विशेषतः मऊ रंगवलेल्या चामड्यावर. म्हणून दाब वाढवत जा आणि चामडं उचलणं थांबलं की तिथंच थांबा. वॉकिंग फूटमध्ये आतला आणि बाहेरचा फूट किती उचलतात तेही बदलता येते, दोन्ही साधारण सारखे उचलायला पाहिजे, आणि पट्ट्यात बकलाजवळ जिथं दोनाचे चार थर होतात तिथं उचल थोडी वाढवा. तिथंच कडा रापीनं तासून उतार केला तर मशीनला चढावच लागत नाही, मला विचाराल तर तासणं हे मशीन सेट करण्यापेक्षा महत्त्वाचं काम आहे आणि नवीन पोरं नेमकं तेच टाळतात.

टाक्याची लांबी चपलेला ३ मिलिमीटर, बॅगेला साडेतीन-चार, बैलाच्या पट्ट्याला ४ ते ५. बारीक टाका म्हणजे मजबूत टाका हा कापडाचा हिशेब झाला. चामड्यात जवळजवळ भोकं पाडली की पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवरून फाटते, आणि बैलानं एक हिसका दिला की पट्टा तुमच्या हातात. शिवण कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत ठेवा. शेवटी दोन-तीन टाके उलटे, त्याच भोकांत, आणि नायलॉनचं टोक लायटरनं जरासं वितळवून दाबून टाका, चामडं जळू देऊ नका.

सोल्युशनबद्दल. चिकटवून मग शिवावं हे बरोबर, पण ओल्या सोल्युशनवर शिवलं की सुईला डिंकासारखं लागते, दोरा अडकते, टाके सुटतात आणि परत बिचाऱ्या मशीनचं नाव. मे महिन्यात आपल्याकडे ऊन पंचेचाळीसच्या वर जाते तेव्हा ते लावता लावता सुकते, पण पोळ्याच्या वेळी हवा दमट असते, तेव्हा वाट पाहावी लागते. बोटाचं उलटं पेर लावून पाहा, चिकटलं नाही तर जोडा, ठोका, मग शिवा. सुईला लागलंच तर मशीन बंद करून थिनरच्या फडक्यानं पुसा, आणि तेव्हा बाजूला बिडी-चहाची शेगडी नको.

मोटर. जुनी क्लच मोटर पायडल नुसतं टेकवलं की पळते, आणि चामड्यात पळणं कामाचं नाही, प्रत्येक टाका दिसला पाहिजे. सर्वो मोटर घ्या, तिची स्पीड लिमिट खाली बांधून ठेवता येते आणि बसल्या बसल्या लाईटही खात नाही. मोटरवरची पुली लहान बसवली तर वेग अजून कमी होते आणि ताकद वाढते. फक्त गावात व्होल्टेज वरखाली होते आणि सर्वोचा कंट्रोल बोर्ड त्याला नाजूक असते, स्टॅबिलायझर लावा, अर्थिंग खरोखर जमिनीत गेलं आहे का ते वायरमनकडून पाहून घ्या, आणि विजा चमकायला लागल्या की पिन काढून ठेवा. कोपऱ्यावर, बकलाजवळ, पहिल्या दोन टाक्यांना मोटर नकोच, हातानं चाक फिरवा, नेहमी आपल्याकडे. सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ती खाली ओढली जाऊन हुकमध्ये गुंडाळतात.

एवढं सगळं करून, नवीन सुई टाकून, चांगला दोरा ओवूनही टाके सुटत असतील तर मग टायमिंग. मेन स्विच बंद. प्लेट काढा, चाक हातानं फिरवून सुई एकदम खाली न्या, मग ती दोन-अडीच मिलिमीटर वर आली की थांबा. या जागी हुकचं टोक सुईच्या बरोबर मागं, त्या खोलगट जागेत, नेढ्याच्या दीड मिलिमीटर वर दिसलं पाहिजे. सुई आणि टोक यांच्यात कागद जाईल इतकीच फट, घासायला नको. टोक उशिरा किंवा लवकर येत असलं तर हुकचे स्क्रू ढिले करून तेवढंच सरकवा, आणि ढिले करायच्या आधी मार्करनं खूण करा आणि मोबाईलवर फोटो काढा. हुकचं टोक बोथट झालं असलं किंवा सुई आपटून त्यावर ओरखडा पडला असला तर बारीक पॉलिश पेपरनं गुळगुळीत होते, पण टोकच झिजलं असलं तर हुक बदलणं आलं. चामड्यात दोरा अडकून मशीन एकदम लॉक झाली असलीच तर जोर लावून चाक फिरवू नका, आधी दोरा कापून काढा, टायमिंग बहुतेक त्याच जोरानं सरकते.

तेल पांढरं मशीनचंच. खोबरेल घालणारे मी पाहिले आहेत, दोन महिन्यांत ते आत गोंद होऊन बसते. पॅचरला तेलाची भोकं पुष्कळ असतात, फुटाच्या डोक्यातलं विसरू नका. तेल घातल्यावर पहिली पाच मिनिटं कतरणीवर चालवा, नाहीतर डाग गिऱ्हाइकाच्या मालावर. पावसाळ्यात सुया तेलाच्या फडक्यात गुंडाळून डबीत ठेवा आणि चामड्याचा गठ्ठा भिंतीला टेकवू नका, बुरशी धरते.

पैशाची अडचण असली तर पीएम विश्वकर्मा योजनेत चर्मकार-मोची हा व्यवसाय १८ व्यवसायांमध्ये आहे, ती सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजानं पहिले एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज, नोंदणी सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) केंद्रातून होते. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाच्या जिल्हा कार्यालयातही विचारून या. पण मशीन घ्यायला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका, आपल्या पट्ट्याचं चामडं आणि आपला दोरा पिशवीत घेऊन जा आणि दुकानात चार थरांवर हळू शिवून दाखवायला लावा. फोमच्या तुकड्यावर सगळ्याच मशिनी छान चालतात.