फुलांच्या कॅक्टसला आता ताण द्या

पुरंदर-इंदापूरकडे डाळिंबाचा बहार धरायचा असेल तर आधी बाग ताणावर सोडतात, म्हणजे काही काळ पाणी तोडतात. गच्चीतल्या छोट्या कॅक्टसचं गणितही साधारण तेच. मॅमिलेरिया, रेब्युशिया, जिम्नोकॅलिशियम या जातींना थंडीतली कोरडी विश्रांती मिळाली, की फेब्रुवारीनंतर कळ्या धरतात. पुण्यात बरेच जण रोजच्या कुंड्यांबरोबर यांनाही मगभर पाणी घालतात. मग झाड गुबगुबीत होतं, फूल मात्र येत नाही.

नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी कमी करत न्या. डिसेंबर-जानेवारीत चार इंची कुंडीला तीन-चार आठवड्यांतून एकदा, तेही सकाळी, कडेकडेने थोडंसं. प्लॅस्टिकच्या कुंडीत ओल जास्त टिकते, तिथे आणखी कमी. अंग जरा आक्रसलं, सुरकुत्या पडल्या तरी घाबरू नका. बुडाशी मऊ, तपकिरी लागलं तर मात्र ती कूज आहे. निरोगी गर दिसेपर्यंत स्वच्छ सुरीने कापा, कापावर गंधकाची पूड लावा आणि तुकडा सावलीत कोरडा ठेवा. लावायची घाई फेब्रुवारीपर्यंत नको, थंडीत मुळं फुटायला वेळ लागतो.

रंगीत टोपीवाला लाल-पिवळा कॅक्टस या नियमात बसत नाही. वरच्या भागात हरितद्रव्य नसतं, तो ड्रॅगन फ्रूटच्या कुळातल्या खुंटावर कलम केलेला असतो. त्या खुंटाला कडक ताणही सोसत नाही आणि कडाक्याची थंडीही. त्याला दहा-बारा दिवसांनी थोडं पाणी द्या, रात्री आत घ्या.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेची बाल्कनी उत्तम; चार-पाच तास ऊन हवंच. सावलीतली कुंडी एकदम उन्हात ठेवू नका, साल भाजते. आठवडाभर थोडी थोडी सरकवा.

खोबणीत कापसासारखं पांढरं दिसलं तर ती पिठ्या ढेकूण ही कीड. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपा. कुंडी बदलायची ती फेब्रुवारीच्या शेवटी: एक भाग पोयटा माती, दोन भाग जाड वाळू किंवा वीटचुरा, मूठभर कुजलेलं शेणखत. नुसतं कोकोपीट नको, त्यात ओल फार काळ टिकते. युरिया तर अजिबात नको.

कळी दिसली की पाणी हळूहळू वाढवा आणि कुंडी फिरवू नका, कळ्या गळतात. आणि नर्सरीतून आणलेल्या कॅक्टसवरचं फूल महिनाभर तसंच ताजं दिसत असेल तर नखाने हलकेच उचकून बघा. बहुतेक वेळा ते गोंदाने चिकटवलेलं सुकं फूल निघतं.