गावातली मोठी कंपनी निघाली, तर काय आधी आणि काय नंतर

मिशिगनमधलं आमचं अ‍ॅन आर्बर विद्यापीठाचं गाव. प्लिमथ रोडवर फायझर या औषध कंपनीचं मोठं संशोधन केंद्र होतं, त्याआधी ते पार्क-डेव्हिस कंपनीचं. कोलेस्टेरॉलवरच्या लिपिटॉर या औषधाचा शोध तिथलाच. २२ जानेवारी २००७ ला ते बंद होणार असं जाहीर झालं. सुमारे २,१०० नोकऱ्या होत्या, आणि त्यात आपली माणसंही होती. मी लोकांच्या टॅक्सचे कागद करते. त्या काळात आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ज्या फायली उघडल्या गेल्या, त्यांवरून हे सांगतेय. तुमच्या गावावर अशी वेळ आली तर उपयोगी पडेल.

आधी व्हिसा. एच-१बीवर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर असाल तर नोकरी संपल्यावर आता जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि आय-९४ ची (अमेरिकेत राहण्याच्या परवानगीच्या नोंदीची) मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. २००७ मध्ये तेही नव्हते. विद्यापीठाच्या गावाचा एक मोठा आधार असा, की विद्यापीठाच्या नोकरीसाठी एच-१बीच्या लॉटरीतून जावं लागत नाही. पगार कमी असतो, तरी प्रयोगशाळांमध्ये आजच विचारा. ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणू नका.

विम्याचं थोडक्यात: कोब्रा, म्हणजे कंपनीचाच आरोग्यविमा स्वतःच्या खर्चाने चालू ठेवणं, घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस असतात. हप्ता भरमसाट वाटेल, पण घरात कुणी गरोदर असेल किंवा कुणाचे उपचार चालू असतील, तर खंड पडू देऊ नका.

घर मात्र सगळ्यात शेवटी. शेजारच्या दारात ‘फॉर सेल’ची पाटी दिसली की हात शिवशिवतात. पण सगळे एकदम विकायला निघाले की भाव पडणारच, आणि त्या वेळी तर देशभरच घरांचा बाजार कोसळत होता. भाड्याने देता येतं का, ते आधी बघा. पाहुणे प्राध्यापक, पोस्टडॉक, रेसिडेंट डॉक्टर अशा गावात येतच राहतात. इथे करार बहुतेक ऑगस्टअखेरीस सुरू होतात, म्हणून जाहिरात हिवाळ्यातच द्या. हिशेब मात्र नीट मांडा. मिशिगनमध्ये तुम्ही स्वतः राहत नसाल तर राहत्या घराची करसवलत जाते आणि शाळेचा कर १८ मिलपर्यंत, म्हणजे करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरमागे १८ डॉलरपर्यंत वाढतो. करपात्र मूल्य दीड लाख डॉलर धरलं, तर वर्षाला २,७०० डॉलरपर्यंत. शिवाय शहराची भाडेघर तपासणी असते. आणि विकून पुन्हा इथेच घेतलंत, तर जुन्या घरावरची करवाढीची मर्यादा सुटते, नव्या घराचं करपात्र मूल्य आजच्या बाजारभावावरून ठरतं. हे एजंट आपणहून सांगेलच असं नाही.

ज्यांना इथेच राहायचंय त्यांनी एक गोष्ट विचारायलाच हवी: ती रिकामी जागा कोण घेतंय? आमच्याकडे २००९ मध्ये मिशिगन विद्यापीठाने ती १७४ एकरांची जागा सुमारे १० कोटी ८० लाख डॉलरला घेतली. हळूहळू प्रयोगशाळा पुन्हा भरल्या, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण सरकारी विद्यापीठ मालमत्ता कर भरत नाही. शहराचा सर्वात मोठा करदाता गेला तो गेलाच. रस्ते, अग्निशमन, पोलीस यांचा भार उरलेल्यांवर. म्हणून मे महिन्यात शहराचं अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी नगर परिषदेच्या बैठकीला जा. नागरिक नसलात तरी बोलता येतं. नाव नोंदवा, तीन मिनिटं मिळतात, आणि कर बुडाल्यावर कोणती सेवा कमी करणार ते थेट विचारा.