पुस्तक लिहायला बसायच्या आधी डोकं रिकामं कसं करायचं

“पानशेतच्या पुरावर कादंबरी लिहायचीय” असं कुणी म्हणालं की मी विचारते, बरं, पण त्यात कोणाचं काय अडलंय? १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं, पाणी पुण्याच्या पेठांमध्ये घुसलं, हे पुण्यात सगळ्यांनाच माहितीये. हा झाला विषय. नुसत्या विषयावर दोन-तीन चॅप्टर होतात आणि मग गाडी अडकते.

म्हणून आधी पाठकोरे कागद घ्या (नवीकोरी वही नको, माणूस अक्षर सांभाळत बसतो), मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि वीसेक मिनिटं डोक्यात येईल ते लिहीत सुटा, खोडायचं नाही, वाचायचंही नाही. सुरुवातीला ताटातूट झालेली भावंडं, झाडावर अडकलेलं बाळ असलं सिनेमाछापच येणार. येऊ द्या, ते निघाल्याशिवाय मागचं बाहेर येत नाही.

मग प्रत्येक ओळ ‘समजा’ने सुरू करा. समजा धरणाच्या कामावरचा एक माणूस पेठेत राहतोय आणि भिंत खचतेय हे त्याला आदल्या रात्रीच कळलंय. समजा एका सावकाराची चोपडीच वाहून गेली, आता कोण किती देणं लागतो ते ज्याच्या त्याच्या तोंडावर. ही दुसरी मला जाम आवडते, कारण पूर ओसरल्यावर खरी गोष्ट सुरू होते आणि अख्खा वाडा त्यात ओढला जातो.

घरात त्या वेळचं कोणी असेल तर “तेव्हा काय झालं” विचारू नका, पाठ झालेली गोष्ट ऐकवतात. त्यापेक्षा “त्या रात्री जेवलात कुठे, घर सोडताना हातात काय घेतलं, प्यायचं पाणी कुठून आणायचात” असं विचारा, कारण शहराला पाणी खडकवासल्याचं आणि तेच धरण फुटलेलं, म्हणजे सगळीकडे चिखल आणि प्यायला घोटभर नाही. हे ऐकून आलात की कागद परत काढा, दुप्पट सुचतं.

निवडायची घाई नको, दोन-तीन दिवस जाऊ द्या. मग आवडलेल्या प्रत्येक आयडियाखाली प्रसंग लिहा, नुसते एकेका ओळीत. सात-आठ पटापट आले तर दम आहे, दोनच आले तर ती कथा आहे, कथाच लिहा की, वाईट काय त्यात! कधी दोन आयडिया जोडूनही बघा, धरणावरचा तोच माणूस सावकाराचा कर्जदार असला तर?

शेवटी मित्राला दोन वाक्यांत सांगा आणि गप्प बसा. “कशी वाटली” विचारू नका, “छान” म्हणून मोकळा होईल. त्याने आपणहून “मग खरं कोण बोललं?” असं काही विचारलं तर तो प्रश्न तसाच्या तसा कागदावर सगळ्यात वर लिहा आणि चॅप्टर पाडायला घ्या.